सरकत्या किनाऱ्यांचा साक्षीदार

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटर आत बर्फाचे पठार आहे. नजर जाईल तिथवर पांढऱ्याखेरीज दुसरा रंग नाही. १९३० च्या नोव्हेंबरात तिथे एका माणसाला पुरले गेले. त्या थडग्यावर दगड नव्हता, कारण तिथे दगड मिळतच नाही. खूण म्हणून त्याचेच स्की बर्फात उभे रोवले होते. पुढच्या वर्षी सहकाऱ्यांनी तिथे एक क्रूस उभारला, पण वर्षानुवर्षे पडणाऱ्या बर्फाने तोही गाडून टाकला. थडगे दरवर्षी थोडे खोल जाते आणि भोवतालच्या बर्फाबरोबर अतिशय संथ गतीने समुद्राच्या दिशेने सरकते. जमीन चालते, असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला विसाव्याची जागाही चालतीच मिळाली. त्या माणसाचे नाव आल्फ्रेड वेगेनर.

वेगेनर यांची आठवण होण्याचे कारण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. उत्तर गोलार्धात ज्या हिमनद्या थेट समुद्राला मिळतात, त्यांची उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे शास्त्रज्ञांनी तपासली. २००० ते २०२० या वीस वर्षांत या हिमनद्या मागे हटल्यामुळे सुमारे २,४६६ किलोमीटर लांबीचा नवा किनारा उघडा पडला आहे. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या ग्रीनलंडमधला. बर्फाखाली दडलेली किंवा बर्फाने मुख्य भूमीला जखडलेली ३५ बेटेही सुटी झाली. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा, असे आपण शाळेत पाठ केले होते. त्याच्या तिपटीहून जास्त किनारा एका पिढीच्या आत जगाच्या नकाशात नव्याने आला आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

मी आसनगावचा. उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. पाठ्यपुस्तकात वेगेनर यांच्या वाट्याला चार ओळी आणि परीक्षेत दोन गुण यायचे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, एवढे लिहिले की मुले मोकळी व्हायची. पण हा माणूस मुळात भूगोलाचा नव्हता, भूगर्भशास्त्राचाही नव्हता. त्याचे खरे प्रेम होते बर्फावर आणि हवेवर. ते समजून घेतल्याशिवाय त्याचा सिद्धांतही नीट समजत नाही.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक आणि प्राचीन भाषांचे शिक्षक. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटे. १९०५ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण टेबलाशी बसून करायच्या आकडेमोडीत त्यांचे मन रमेना. त्यांना उघड्या आभाळाखालचे शास्त्र हवे होते. मग ते हवामानशास्त्राकडे वळले. पतंग आणि फुगे उडवून उंचावरच्या हवेचे तापमान मोजणे हे त्यांचे काम झाले. एप्रिल १९०६ मध्ये थोरले बंधू कुर्ट यांच्यासह ते बलूनमधून सलग ५२ तास आकाशात राहिले. तो त्या काळचा जागतिक विक्रम होता.

त्याच वर्षी एका डॅनिश मोहिमेबरोबर ते ईशान्य ग्रीनलंडला गेले. वय अवघे २५. दोन हिवाळे त्यांनी तिथे काढले, तिथले पहिले हवामान केंद्र उभारले आणि मृत्यूही जवळून पाहिला. मोहिमेचे प्रमुख मिलियस-एरिकसन आणि त्यांचे दोन सोबती किनाऱ्याचा नकाशा काढायला उत्तरेकडे गेले, ते परतलेच नाहीत. किनाऱ्याची एक रेषा कागदावर उमटायला तीन जीव गेले.

१९१२ मध्ये वेगेनर पुन्हा ग्रीनलंडला निघाले. या वेळी माणसे चारच होती. डॅनिश कप्तान कोख, एक आइसलंडचा वाटाड्या, एक खलाशी आणि वेगेनर, शिवाय सोबत आइसलंडची तट्टे. हिमनदीवर चढत असतानाच तिचा मोठा कडा कोसळला आणि सगळे थोडक्यात बचावले. ग्रीनलंडच्या बर्फावर हिवाळा काढणारी ही पहिलीच माणसे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी सुमारे बाराशे किलोमीटरचे बर्फाचे पठार पायी ओलांडले. पश्चिम किनारा जवळ आला तेव्हा अन्न संपले होते. शेवटचे तट्टू आणि शेवटचा कुत्राही त्यांनी खाल्ला. दूरच्या वस्तीतल्या भाविकांना भेटायला निघालेल्या एका पाद्र्याला ते योगायोगाने दिसले, म्हणून वाचले.

या दोन सफरींच्या मधल्या काळात त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. १९१० च्या नाताळच्या सुमारास एक नवा नकाशासंग्रह चाळताना अटलांटिकचे दोन्ही काठ फाटलेल्या कागदाच्या दोन तुकड्यांसारखे जुळतात, हे त्यांना जाणवले. पुढच्या वर्षी ग्रंथालयात एक लेख हाती लागला. महासागराच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या जीवांचे अवशेष सापडतात, असे त्यात लिहिले होते. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रांकफुर्ट येथे त्यांनी आपला सिद्धांत प्रथम मांडला. खंड एकेकाळी एकत्र होते, नंतर ते फुटले आणि दूर गेले. महायुद्धात ते दोनदा जखमी झाले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरचे छोटेखानी पुस्तक लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता त्यांच्या युक्तिवादातला एक भाग बघा, जो पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. स्वीडन आणि फिनलंडचा किनारा हजारो वर्षे वर येतो आहे. जिथे पूर्वी गलबते लागत तिथे आता कुरणे आहेत. हिमयुगात त्या प्रदेशावर काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या ओझ्याने जमीन दबली आणि बर्फ गेल्यावर हळूहळू उठू लागली. बोथनियाच्या आखाताच्या काठी ती आजही वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर वर येते. आपल्या ठाण्याच्या खाडीत रेतीने भरलेली होडी काठोकाठ बुडालेली असते आणि रेती उतरवली की वर येते, तसाच हा प्रकार. वेगेनर यांचे म्हणणे असे की, जी होडी खालीवर होते ती पाण्यावर तरंगते आहे हे उघडच आहे, मग ती आडवी सरकू शकत नाही असे का मानायचे? भूकवचाखालचा खडक रोजच्या हिशेबात घट्ट असला, तरी हजारो वर्षांच्या हिशेबात तो दाट पाकासारखा वाहतो. हिमनद्या हटल्याने उठणारा किनारा हा त्यांच्यासाठी खंडांच्या प्रवासाचा साक्षीदार होता.

दुसरा पुरावा आपल्या महाराष्ट्रातला आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या पात्रात, इरई गावाजवळ, चुनखडीच्या खडकावर समांतर ओरखडे आहेत. ब्रिटिश काळात भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद केली. खालच्या बाजूला दगडधोंडे अडकलेली हिमनदी खडकावरून सरकते तेव्हाच असे चरे उमटतात. वर लहानमोठ्या गोट्यांची, मातीची सरमिसळ पसरलेली आहे. तीही हिमनदीनेच आणून टाकलेली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात हिमनदी कशी? तशाच खुणा दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही होत्या. खंड जागच्या जागी होते असे मानले, तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना बर्फ पसरला होता असे म्हणावे लागते. वेगेनर यांनी हे सगळे भूभाग दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणून ठेवले आणि कोडे सुटले. या जुन्या खंडसमूहाला भूगर्भशास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आलेले हे नाव आहे.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा तो बर्फ हटू लागला तेव्हा काय झाले, याचीही खूण शिल्लक आहे. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगड येथे हसदेव नदीच्या काठी, हिमनदीने टाकलेल्या थरांच्या सोबतच, समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. हिमनद्या मागे सरल्या आणि दबलेल्या सखल जमिनीत समुद्र शिरला. म्हणजे आजच्या मध्य भारतात तेव्हा एक ध्रुवीय किनारा होता आणि हिमनद्यांच्या माघारीने तो नव्याने घडत होता. पुढे समुद्र गेला, दलदली झाल्या, त्यात रान माजले आणि त्याचा कोळसा झाला. चंद्रपूर, बल्लारपूरच्या खाणींतला कोळसा हा त्या हटलेल्या बर्फामागून आलेल्या जंगलाचाच वारसा आहे. ग्रीनलंडमध्ये आज जे चालू आहे, त्याचा एक जुना प्रयोग आपल्याच अंगणात होऊन गेला आहे.

एवढे पुरावे असूनही जाणकारांनी वेगेनर यांची टर उडवली. खंड ढकलणारी शक्ती कोणती, याला त्यांच्याजवळ पटणारे उत्तर नव्हते. ग्रीनलंड युरोपपासून किती वेगाने दूर जातो, याचा त्यांनी दिलेला आकडाही प्रत्यक्षापेक्षा शेकडो पटींनी मोठा होता. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या परिसंवादात अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांनी त्यांच्या कल्पनेचे वाभाडे काढले. हवामानशास्त्रज्ञाने दुसऱ्याच्या शेतात नांगर घालू नये, असा एकंदर सूर होता. जर्मनीत त्यांना मनासारखी प्राध्यापकी मिळाली नाही. ती १९२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे मिळाली. पण प्रत्येक आवृत्तीत नवे पुरावे घालून ते पुस्तक सुधारत राहिले. चौथी आवृत्ती १९२९ मध्ये आली.

१९३० मध्ये ते ग्रीनलंडच्या अखेरच्या मोहिमेवर निघाले, या वेळी प्रमुख म्हणून. योजना मोठी होती. पश्चिम किनारा, पूर्व किनारा आणि बर्फाच्या ऐन मध्यावर, किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, अशी तीन केंद्रे उभारायची आणि वर्षभर हवामान मोजायचे. शिवाय बर्फात सुरुंग उडवून, त्याचे हादरे तळाच्या खडकावर आदळून किती वेळात परततात हे पाहायचे आणि त्यावरून बर्फाची जाडी काढायची. पण सुरुवातच अडखळली. समुद्र गोठलेला असल्याने सामान उतरवायला ३८ दिवस उशीर झाला. पंख्यावर चालणाऱ्या नव्या मोटार-घसरगाड्या ओल्या बर्फात रुतून बसल्या. मध्यावरच्या केंद्रात गेओर्गी आणि झोर्गे हे दोघे जण पोहोचले होते, पण त्यांची झोपडी, रॉकेल आणि हिवाळ्याचे अन्न किनाऱ्यावरच राहिले होते. सामान आले नाही तर ऑक्टोबरच्या २० तारखेला आपण पायी निघू, असा त्यांचा निरोप आला. त्या थंडीत पायी निघणे म्हणजे मरण.

वेगेनर स्वतः निघाले. २१ सप्टेंबरला त्यांच्यासोबत लोवे हे शास्त्रज्ञ, १३ ग्रीनलंडवासी आणि १५ कुत्रागाड्या होत्या. वाटेत वादळे आली, पारा उणे ५० अंशांच्या खाली गेला. एक एक करून १२ सोबती माघारी फिरले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ती थंडी ते चांगली ओळखून होते. शेवटपर्यंत राहिला तो रासमुस विलुमसेन नावाचा बाविशी-तेविशीतला तरुण. तिघे ३० ऑक्टोबरला मध्य केंद्रावर पोहोचले. तोवर बहुतेक सामान वाटेतच टाकावे लागले होते. लोवे यांच्या पायाची बोटे गोठून गेली होती. पुढे ती भूल न देता, खिशातल्या चाकूने कापावी लागली. बर्फात खणलेल्या गुहेत राहणाऱ्या त्या दोघांनी दरम्यान आहे तेवढ्यातच हिवाळा काढायचा असे ठरवले होते. अन्न तिघांपुरते जेमतेम होते, पाचांना पुरणार नव्हते. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विलुमसेनला घेऊन परत निघाले. दोन गाड्या, १७ कुत्रे आणि समोर ध्रुवीय रात्र.

ते दोघे किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये शोधपथकाला ते रोवलेले स्की दिसले. खाली वेगेनर यांचा देह नीट गुंडाळून, हरणाच्या कातड्यावर निजवून पुरलेला होता. चेहरा शांत होता. अतिश्रमाने हृदय बंद पडले असावे, असा अंदाज निघाला. विलुमसेनने आपल्या प्रमुखाला मानाने मूठमाती दिली, त्यांची डायरी उचलली आणि तो पुढे निघाला. त्याचा आणि त्या डायरीचा आजवर पत्ता लागलेला नाही. वेगेनर यांचे नाव चंद्रावरच्या विवराला दिले गेले. या मुलाचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, म्हणून ते इथे मुद्दाम लिहितो.

मध्य केंद्रातले तिघेही वाचले आणि काम पूर्ण झाले. बर्फ अडीच किलोमीटरच्या आसपास जाड असल्याचे झोर्गे यांच्या मोजणीतून निघाले. म्हणजे वर घुमटासारखा दिसणारा ग्रीनलंड खाली बशीसारखा खोलगट आहे आणि बर्फाच्या भाराने दबलेला आहे, हे कळू लागले.

वेगेनर यांच्या पत्नी एल्से यांनी पतीचा देह बर्फातच राहू द्यावा असे ठरवले. तीन मुली मागे होत्या. त्यांतल्या लोटे यांचा विवाह पुढे गिर्यारोहक हाइनरिश हारर यांच्याशी झाला. नंतर तिबेटमधल्या सात वर्षांमुळे गाजलेले हेच ते हारर. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा इंग्रजांनी त्यांना आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत काही काळ डांबले होते. एल्से शंभर वर्षे जगल्या. १९९२ मध्ये त्या वारल्या, तेव्हा पतीचे म्हणणे जगातली शाळकरी मुले पाठ करत होती.

तो निकाल लागण्यात आमच्या काळ्या दगडाचाही हात आहे. आसनगावच्या फलाटावरून माहुलीचे सुळके दिसतात. ते दख्खनच्या लाव्हाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिर होतात आणि ती दिशा खडकात कायम राहते. १९५० च्या दशकात दख्खनच्या बेसाल्टचे नमुने तपासले, तेव्हा हा लाव्हा वाहिला त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे निघाले. पुढच्या दशकात महासागरांचे तळ मधोमध फुटून पसरतात हे सिद्ध झाले, खंडांना हलवणाऱ्या यंत्रणेचा उलगडा झाला आणि वेगेनर यांच्यावर हसणारे गप्प झाले.

आज ग्रीनलंडमध्ये बर्फाचे ओझे आपल्या डोळ्यांदेखत उतरते आहे. उपग्रहांच्या मदतीने स्थान मोजणारी यंत्रे तिथल्या खडकात बसवली आहेत आणि जमीन उठताना ती टिपतात. हिमनदीची जीभ मागे सरली की खाडीच्या दोन्ही भिंती उघड्या पडतात. हाच तो नवा किनारा. तो पक्का नसतो. बर्फाने तोलून धरलेले कडे आधार गेल्यावर ढासळतात, हिमनदीने टाकलेला भुसभुशीत गाळ लाटा वाहून नेतात. १६ सप्टेंबर २०२३ रोजी पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फ्योर्डमध्ये असेच झाले. पायथ्याची हिमनदी पातळ झाल्याने डोंगराचा एक भाग कोसळला, सुमारे २०० मीटर उंचीची लाट उसळली आणि त्या चिंचोळ्या खाडीतले पाणी हिंदकळत राहिल्याने जगभरच्या भूकंपमापकांवर नऊ दिवस कंपने उमटत होती. तिथे वस्ती नव्हती म्हणून बरे.

हा प्रश्न तिकडच्या मोजक्या लोकांपुरता नाही. बर्फाचा प्रचंड साठा आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती ओढ कमी होते. त्यामुळे ग्रीनलंडच्या काठाशी पाणी उतरते, जमीनही उठते, आणि ते पाणी दूरच्या किनाऱ्यांवर चढते. दूरचे किनारे म्हणजे आपले. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळायला शतकानुशतके लागतील, पण तो वितळला तर जगाचा समुद्र सुमारे सात मीटर वाढेल. त्यातले काही सेंटिमीटरही वसईच्या मिठागरांना, खाडीकाठच्या भातखाचरांना आणि भरतीच्या दिवशी तुंबणाऱ्या मुंबईला जड जातात.

वेगेनर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम ग्रीनलंडमध्ये ज्या हिमनदीवरून सामान वर चढवले, तिच्यावर त्यांच्याच ग्राझ विद्यापीठातले शास्त्रज्ञ अलीकडच्या वर्षांत पुन्हा गेले. १९३० च्या मोजण्या त्यांनी हातात धरल्या आणि त्याच जागी नव्याने मोजमापे केली. हिमनदी मागे हटल्याचे जुन्या आकड्यांमुळे नेमके सांगता आले. आकडे लिहिणाऱ्यांना तेव्हा कल्पनाही नव्हती की, नव्वद वर्षांनी ते कुणाच्या कामी येतील.

मुलांना वेगेनर सांगताना आफ्रिका आणि ब्राझीलच्या किनाऱ्यांबरोबर हेही सांगावे असे मला वाटते. सुट्टीत मुलांना कामही लावता येईल. विहिरीचे पाणी दर पौर्णिमेला किती हात खाली आहे, गावची नदी कोणत्या तारखेला आटली, मामाच्या गावी खाडीचे पाणी मोठ्या उधाणाला कुठल्या दगडापर्यंत आले, एवढे तारखेसह वहीत लिहायचे. शंभर पानी वही पुरते. ती वही मात्र रद्दीत घालू नये.